बेविन बॉईज: सैन्याऐवजी कोळशाच्या खाणीत गेलेले तरुण आणि साठ वर्षांनी आलेला बिल्ला

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने सुमारे ४८,००० तरुणांना रणांगणावर न पाठवता कोळशाच्या खाणीत उतरवलं. युद्ध संपल्यावर त्यांना पदक मिळालं नाही, जुन्या नोकरीची हमी मिळाली नाही, आभाराचं साधं पत्रही मिळालं नाही. सरकारी बिल्ला हातात पडला तो २००८ साली. हा विषय निघाला की जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

बेविन बॉईज म्हणजे नेमके कोण?

डिसेंबर १९४३ पासून १९४८ पर्यंत ब्रिटनच्या कोळसा खाणींत सक्तीच्या सेवेचा भाग म्हणून काम केलेले तरुण. यांत तीन प्रकारचे लोक होते. पहिले, ज्यांची निवड सोडतीने झाली. त्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरे, ज्यांना बोलावणं आल्यावर त्यांनी स्वतःच सैन्यापेक्षा खाण बरी म्हटलं. तिसरे, आधीच सैन्यात असून खाणीत जायला तयार झालेले. सोडतीतून आलेले एकूण संख्येच्या निम्म्याच्या आसपास होते. पण लोकांच्या लक्षात राहिले ते तेच, कारण अन्याय झाल्याची भावना त्यांच्यात सर्वांत जास्त होती.

हा बेविन कोण?

अर्नेस्ट बेविन. चर्चिल यांच्या युद्धकालीन संयुक्त सरकारातले कामगार आणि राष्ट्रीय सेवा मंत्री. १८८१ साली सॉमरसेटमधल्या विन्सफर्ड गावात जन्म, लहानपणीच आईचं छत्र गेलं, शाळा अर्धवट, मग गाडीवानाचं काम आणि तिथून कामगार चळवळ. ब्रिटनमधली वाहतूक कामगारांची प्रचंड मोठी युनियन त्यांनी १९२२ साली उभी केली. युद्धानंतर ॲटली सरकारात ते परराष्ट्रमंत्री झाले. आयुष्यभर कामगारांच्या बाजूने भांडलेल्या माणसाच्या नावावर सक्तीच्या खाणकामाची योजना नोंदली गेली, हे जरा विचित्रच. पण युद्धकाळात देशातला प्रत्येक कामगार कुठे राबेल हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याच हातात होता आणि तो वापरताना ते कचरले नाहीत.

कोळशाची एवढी टंचाई का पडली? ब्रिटनमध्ये खाणकामगारांची काय कमी होती?

कमी नव्हती, पण सरकारनेच ती करून ठेवली. युद्धाच्या सुरुवातीला खाणीतले तरणेबांड गडी सैन्यात गेले. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि युरोपला जाणारा निर्यातीचा कोळसा एका झटक्यात बंद झाला. डरहॅम आणि साउथ वेल्समधल्या निर्यातीवर जगणाऱ्या खाणी ओस पडल्या आणि बेकार झालेले लोक दारूगोळ्याच्या आणि विमानांच्या कारखान्यांत गेले. तिथे पगार बरा, काम जमिनीवर, अंगाला काळं लागत नाही. एकदा बाहेर पडलेला माणूस परत कशाला येतोय?

सरकार जागं झालं तोवर उशीर झाला होता. १९४१ मध्ये हुकूम निघाला की खाणकामगाराने परवानगीशिवाय काम सोडायचं नाही. १९४२ मध्ये खाणी सरकारी नियंत्रणाखाली आल्या आणि मजुरीही वाढली. तरी उत्पादन दरवर्षी घसरतच राहिलं. १९४३ च्या मध्यापर्यंत ३६,००० हून अधिक खाणकामगार दुसरीकडे गेले होते. मागे उरलेल्यांत वय झालेले, दमलेले, छातीत धूळ साचलेले लोक बरेच.

आणि कोळसा नाही म्हणजे काहीच नाही. वीज, गॅस, रेल्वे, पोलाद, घरातली शेगडी, सगळं त्याच्यावर. बेविन यांच्या हिशोबाने उद्योगाला सतत ७,२०,००० माणसं हवी होती. त्यांनी आधी शाळेच्या शेवटच्या वर्गांतल्या मुलांना स्वेच्छेने येण्याचं आवाहन केलं. फारच थोडे आले. मग सक्ती आली.

निवड कशी व्हायची?

२ डिसेंबर १९४३ रोजी बेविन यांनी संसदेत योजना जाहीर केली आणि १४ डिसेंबरला पहिली सोडत निघाली. पद्धत अगदी सोपी होती. सैन्यभरतीसाठी नाव नोंदवलेल्या प्रत्येक तरुणाला एक नोंदणी क्रमांक असे. मंत्र्यांच्या कार्यालयात शून्य ते नऊ हे आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या एका टोपीत टाकायच्या आणि एक काढायची. ज्यांच्या क्रमांकाचा शेवटचा अंक तो, ते सगळे खाणीत. ठरावीक काळाने पुन्हा टोपी, पुन्हा चिठ्ठी. ढोबळमानाने दहातला एक.

आपल्याकडे म्हाडाच्या सोडतीत नंबर लागला की घरात पेढे येतात. इथे नंबर लागला की आई रडायची. कॅडेट म्हणून वर्षानुवर्षं कवायत केलेला, मोठा भाऊ नौदलात असलेला, स्वतः नौदलाचं स्वप्न बघणारा मुलगा, आणि पोस्टाने पत्र येतं की अमुक तारखेला अमुक खाण प्रशिक्षण केंद्रात हजर व्हा.

श्रीमंतांची, शिकलेली मुलं सुटली असतील ना?

नाही, आणि या योजनेची सर्वांत कौतुकाची बाजू हीच. टोपीतली चिठ्ठी बाप वकील आहे की हमाल हे बघत नव्हती. ज्यांनी आयुष्यात कधी कोळशाची बादली उचलली नव्हती अशी लंडनच्या उपनगरांतली मुलं, बँकेतले कारकून, विद्यापीठात जायला निघालेले विद्यार्थी, सगळे एकाच पिंजऱ्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, खाली गेले. सूट होती ती विमानदलात वैमानिक गटासाठी किंवा पाणबुडीसाठी निवडलेल्यांना, काही अतिकुशल कारागिरांना आणि वैद्यकीय दृष्ट्या अपात्र असलेल्यांना.

नकार दिला तर?

अपील करता येत असे. पुष्कळांनी केलंही, पण फार थोड्यांचं मान्य झालं. तरी जायला तयार नसलेल्यांवर खटले भरले गेले आणि काहींनी तुरुंगही पाहिला. विशेष म्हणजे यातल्या अनेकांचा युद्धाला विरोध नव्हता. त्यांना लढायचंच होतं, फक्त सैन्यात जाऊन. १९४४ च्या वसंतात टाइनसाइडच्या कारखान्यांतल्या शिकाऊ कामगारांनी या सोडतीविरुद्ध संपही केला. मुद्दा असा की आम्ही हुनर शिकतो आहोत, ते अर्धवट सोडून खाणीत का जायचं?

प्रशिक्षण किती दिवसांचं होतं?

सहा आठवडे. त्यातले चार सरकारी प्रशिक्षण केंद्रात आणि दोन ज्या खाणीत नेमणूक होईल तिथे. यॉर्कशायरमधलं ॲस्कर्न, डर्बीशायरमधलं क्रेसवेल, वेल्समधलं ओकडेल, स्कॉटलंडमधलं म्युअरकॉकहॉल अशा खाणींवर ही केंद्रं होती. वर्गात व्याख्यानं, मैदानात कवायत, आणि मग जमिनीखाली प्रात्यक्षिक. मिळायचं काय, तर एक हेल्मेट, कामाचे कपडे आणि पुढून पोलाद लावलेले बूट. गणवेश नाही. ही बारीकशी वाटणारी गोष्ट पुढे फार महागात पडली. ते खाली येईलच.

राहायची सोय एक तर हॉस्टेलमध्ये, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या बराकींत, नाही तर खाणीच्या गावात कुणाच्या घरी. राहण्याजेवणाचे पैसे त्यांच्याच पगारातून कापले जात. गावात कुणाच्या घरी राहायला मिळालेले बहुधा सुखी होते. खाणकामगाराच्या बायकोला काळवंडलेला माणूस घरी आला की काय करायचं हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. गरम पाणी तयार असे.

खाली काम काय करायचे? कोळसा फोडायचे?

बहुतेकांनी नाही. प्रत्यक्ष कोळशाच्या थरावर काम करायला वर्षांचा अनुभव लागतो आणि सहा आठवड्यांच्या पोराच्या हातात ते कुणी देत नसे. त्यांच्या वाट्याला आली ती वाहतूक: भरलेले टब, म्हणजे कोळशाच्या छोट्या गाड्या, रुळावरून ढकलायचे, एकमेकांना जोडायचे, सोडवायचे, तारेच्या दोराने ओढल्या जाणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवायचं, कन्व्हेयर चालू ठेवायचा, खाणीतल्या तट्टांना हाकायचं. काहींना अनुभवी कामगाराचा मदतनीस म्हणून थरापर्यंत जाता आलं.

वाहतुकीचं काम म्हणजे हलकं काम, असा अर्थ काढू नका. बोटं चेचली जायची ती बहुधा टबांच्या जोडणीतच. रुळावरून घसरलेला भरलेला टब अंधारात, कमरेत वाकून, पाठीने उचलून पुन्हा रुळावर चढवायचा. छत कुठे उंच, कुठे इतकं खाली की सरपटावं लागे. काही खाणींत घामाच्या धारा, काहींत गुडघाभर पाणी. पिंजरा खाली सुटतो तो पहिला क्षण तर बहुतेकांना आयुष्यभर आठवत राहिला: पोट वर राहतं आणि आपण खाली जातो.

शिवाय भाषा. लंडनच्या मुलाला डरहॅमच्या जुन्या कामगाराचा हुकूम कळत नसे, आणि जमिनीखाली हुकूम न कळणं म्हणजे जिवाशी खेळ. स्थानिक लोकही सुरुवातीला जपूनच वागत. आपल्या गावची तरणी पोरं सैन्यात आहेत आणि ही शहरी पोरं त्यांच्या जागी, हे त्यांनाही पचायला जड गेलं. बऱ्याच ठिकाणी पुढे मैत्री झाली, काही ठिकाणी लग्नंही झाली.

लोक त्यांना पळपुटे का समजत?

कारण अंगावर गणवेश नव्हता. १९४४ साल, अठरा-वीस वर्षांचा धडधाकट मुलगा साध्या कपड्यांत रस्त्यावरून चाललेला. देशभर त्याच्या वयाचा प्रत्येकजण खाकी, निळ्या किंवा आरमारी कपड्यांत. बघणाऱ्याच्या मनात एकच शंका. पोलीस थांबवायचे, कागद दाखव म्हणायचे; सैन्यातून पळालेला असेल असा संशय. काहींच्या हातात भित्रेपणाची खूण म्हणून पांढरं पीस ठेवलं गेलं. भर म्हणजे, सद्सद्विवेकापोटी युद्धाला नकार देणाऱ्या काहींनाही खाणीत पाठवलं होतं, त्यामुळे सगळेच बेविन बॉईज त्यातले असा सरसकट समज झाला.

एक साधा बिल्ला तेव्हाच, १९४४ मध्ये, दिला असता तर निम्मा त्रास वाचला असता. त्याला काही खर्चही नव्हता.

युद्ध संपल्यावर त्यांना लगेच सोडलं का?

नाही. मे १९४५ मध्ये युरोपातलं युद्ध संपलं तशी सोडत थांबली, पण आधी भरती झालेले अडकूनच राहिले. सैनिकांप्रमाणेच वय आणि सेवेचा काळ बघून टप्प्याटप्प्याने सुटका होत गेली. शेवटचे लोक १९४८ मध्ये बाहेर पडले. मधल्या काळात, १ जानेवारी १९४७ रोजी, खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. म्हणजे काही जण खासगी मालकाच्या खाणीत शिरले आणि राष्ट्राच्या मालकीच्या खाणीतून बाहेर आले.

सुटताना काय मिळालं?

काही नाही. सैन्यातून सुटणाऱ्याला नवा सूट मिळे, पदकं मिळत, आणि आधीच्या मालकाने नोकरीवर परत घ्यावं असा हक्क कायद्याने मिळे. बेविन बॉईजना यातलं काहीच नव्हतं. जमिनीखाली तीन वर्षं काढून वर आलेल्या मुलाची जागा दुसऱ्याने घेतलेली असली, तर त्याने नवी शोधायची.

आणि पुढे १९५० च्या दशकात त्यांच्या सरकारी नोंदी नष्ट करण्यात आल्या. म्हणजे ज्याने स्वतःची जुनी पत्रं, प्रशिक्षणाचे कागद, पगाराची चिठ्ठी ट्रंकेत जपून ठेवली नसेल, त्याला आपण खाणीत होतो हे सिद्ध करणंसुद्धा कठीण. आपल्याकडे स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनसाठी म्हाताऱ्या माणसांना तुरुंगाचे दाखले शोधत फिरावं लागलं, हे ज्यांनी घरात पाहिलं असेल त्यांना ही गंमत वेगळी समजावून सांगायला नको.

मग दखल घेतली गेली कशी?

सरकारला आपोआप आठवण झाली असं मुळीच नाही. १९८९ मध्ये काही जुन्या सोबत्यांनी बेविन बॉईज असोसिएशन काढली. तोवर बहुतेकजण साठी ओलांडलेले, निवृत्त. नोकरी-संसाराच्या धबडग्यात जे जमलं नाही ते आता जमणार होतं. एकमेकांना शोधणं, मेळावे भरवणं, खासदारांना पत्रं लिहिणं, असं चिवटपणे सुरू झालं.

मे १९९५ मध्ये युरोपातल्या विजयाला पन्नास वर्षं झाली तेव्हा राणी एलिझाबेथ यांच्या भाषणात बेविन बॉईजचा उल्लेख आला. वाक्य एवढंसंच, पण ते राजघराण्याकडून आलं होतं. १९९८ पासून लंडनमधल्या सेनोटाफ स्मारकाजवळच्या नोव्हेंबरच्या स्मृतिसंचलनात त्यांना अधिकृतपणे चालता येऊ लागलं. तोपर्यंत त्या संचलनात त्यांची जागा नव्हती.

२० जून २००७ रोजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी संसदेत प्रश्नोत्तरांच्या तासात जाहीर केलं की बेविन बॉईजना माजी सैनिकांच्या बिल्ल्यासारखा बिल्ला दिला जाईल. ब्लेअर यांचे ते पंतप्रधानपदाचे शेवटचे दिवस होते. २५ मार्च २००८ रोजी, शेवटचे बेविन बॉईज सुटल्याला साठ वर्षं होत असताना, पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी १० डाउनिंग स्ट्रीटवर पहिले बिल्ले दिले. घेणाऱ्यांत ऐंशीच्या आतला कुणी क्वचितच असेल.

मग स्मारक. ७ मे २०१३ रोजी स्टॅफर्डशायरमधल्या ॲलरवास इथल्या राष्ट्रीय स्मृतिवनात ते उघडलं गेलं. आराखडा हॅरी पार्क्स या बेविन बॉयनेच केला होता. आयर्लंडच्या किलकेनीचा करडा दगड त्यासाठी निवडला, कारण तो काळाबरोबर कोळशासारखा काळा पडत जातो.

बिल्ला म्हणजे पदक का? पेन्शन मिळते का?

दोन्ही नाही. बिल्ला कोटाच्या कॉलरवर लावायचा. त्याला पदकाचा दर्जा नाही आणि त्यामागे पैसाही नाही. सोडतीने गेलेले, स्वतः खाण निवडलेले आणि सैन्यातून खाणीत आलेले असे तिन्ही प्रकारचे लोक त्याला पात्र धरले गेले, हे मात्र चांगलं केलं. सोडतीवाल्यांनाच खरे मानायचं अशी फूट पाडली असती तर या वयात त्यांना आपसांत भांडायला लावल्यासारखं झालं असतं.

साठ वर्षं का लागली? हे वरातीमागून घोडं नाही का?

आहेच. कारणं मात्र एकापेक्षा जास्त आहेत.

एक, हे लोक कोणत्याच खात्याचे नव्हते. सैनिक संरक्षण खात्याचा, त्याची रेजिमेंट असते, झेंडा असतो, जुन्या सैनिकांची संघटना असते, दरवर्षी कुणीतरी त्याचं नाव वाचतं. बेविन बॉय कामगार मंत्रालयाने पाठवलेला, खाणमालकाने राबवलेला, ऊर्जा खात्याने मोजलेला. युद्धानंतर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

दोन, नोंदी नष्ट केल्यावर मागणी करणाराच संशयित ठरतो.

तीन, आणि माझ्या मते हे मुख्य: त्यांना स्वतःलाच बोलायला संकोच वाटत असे. शेजारी नॉर्मंडीत उतरलेला, दुसरा ब्रह्मदेशात मरता मरता वाचलेला. त्यांच्यापुढे मी टब ढकलत होतो म्हणून कसं सांगायचं? पुष्कळांनी मुलाबाळांनाही नीट सांगितलं नाही. मागणी नाही म्हणून दखल नाही, आणि दखल नाही म्हणून मागायची हिंमत नाही, असं ते चाळीस वर्षं चालू राहिलं.

तुलनेसाठी, युद्धकाळात शेतावर राबलेल्या विमेन्स लँड आर्मीच्या बायकांनाही असाच बिल्ला २००८ मध्येच मिळाला. घरच्या आघाडीवर राबलेल्या सगळ्यांचीच वेळ एकदम आली, किंवा खरं सांगायचं तर एकदमच टळत चालली होती.

पण पिढीजात खाणकामगारांचं काय? त्यांना कुठे बिल्ला मिळाला?

हा प्रश्न विचारणारे कमी भेटतात आणि तो अगदी योग्य आहे. बेविन बॉईज आले त्याआधी, ते असताना आणि ते गेल्यावरही देशाचा बहुतेक कोळसा त्यांनीच काढला. युद्धाच्या सहा वर्षांत खाणींत माणसं मरत होती, अपंग होत होती, त्यांची फुप्फुसं धुळीने भरत होती. त्यांना काम सोडायला १९४१ पासून कायद्याने बंदी होती, म्हणजे सक्ती त्यांच्यावरही होतीच. पण तो त्यांचा रोजचाच धंदा समजला गेला. बँकेतला कारकून खाणीत गेला तर त्याग, आणि खाणकामगाराचा मुलगा खाणीत गेला तर काय, नशीब?

बेविन बॉईजनी स्वतः मात्र हा भेद बहुधा केला नाही. त्यांच्या आठवणींत खाणकामगारांबद्दल आदरच दिसतो.

योजनेचा उपयोग झाला का?

अर्धवट. एकूण सात लाखांच्या उद्योगात ४८,००० नवखे, आणि तेही वेगवेगळ्या वेळी आलेले. त्यांच्यामुळे उत्पादन उसळलं नाही. घसरण चालूच राहिली. पण वाहतुकीच्या कामावर अडकलेले अनुभवी लोक कोळशाच्या थरावर जायला मोकळे झाले, हा फायदा खरा. ते नसते तर काय झालं असतं याचा हिशोब कुणी कितीही मांडला तरी तो अंदाजच राहणार.

कुणी नामवंत होते का त्यांच्यात?

होते. इंग्लंडकडून ३३ सामन्यांत ३० गोल करणारा बोल्टनचा फुटबॉलपटू नॅट लॉफ्टहाउस खाणीत टब ढकलत होता. विनोदी नट एरिक मोरकाम अ‍ॅक्रिंग्टनला होता. हृदयाच्या दुखण्यामुळे त्याला वर्षाच्या आतच सोडलं गेलं. नाटककार पीटर शॅफर आणि त्यांचे जुळे बंधू अँथनी शॅफर हे दोघेही बेविन बॉईज.

याला वेठबिगारी म्हणायचं का? जपानने कोरियन लोकांना खाणींत राबवलं तसंच ना?

सक्ती दोन्हीकडे होती, पण दोन्ही एका पारड्यात घालू नयेत. बेविन बॉईजना पगार होता, युनियन होती, आजारी पडल्यावर डॉक्टर होता, सुट्टीत घरी जाता येत होतं, आणि ज्या सरकारने त्यांना पाठवलं ते त्यांचं स्वतःचं होतं. जपानच्या ताब्यातल्या कोरियातून नागासाकीजवळच्या हाशिमा बेटासारख्या ठिकाणी नेलेल्या लोकांना यातलं काय मिळालं ते त्या बेटाच्या इतिहासात वाचावं. २०१५ मध्ये हाशिमासह जपानची जुनी औद्योगिक स्थळं जागतिक वारसा यादीत गेली तेव्हा कोरियन लोकांना मनाविरुद्ध आणून कठोर परिस्थितीत राबवल्याचं जपानने मान्य केलं आणि ते अभ्यागतांना सांगण्याचं आश्वासन दिलं. पण २०२१ मध्ये जागतिक वारसा समितीलाच या बाबतीत तीव्र खेद व्यक्त करावा लागला. तिथला वाद अजून मिटलेला नाही.

याच काळात आपल्याकडच्या कोळसा खाणींत काय चाललं होतं?

हे मराठी वाचकाला माहीत असायला हवं, कारण त्या वेळी भारताच्या कामगार खात्याची सूत्रं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होती. जुलै १९४२ पासून १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते.

टंचाई इथेही तीच. लष्करी रस्ते आणि विमानतळांची कामं निघाली, तिथे मजुरी जास्त, उघड्यावर काम. झरिया आणि राणीगंजच्या खाणींतले मजूर तिकडे गेले. सैन्याच्या गाड्या, गिरण्या, कारखाने सगळे कोळशासाठी खोळंबले. भारतात सक्तीची भरती नव्हती. म्हणून दोन मार्ग काढले गेले. गोरखपूर भागातून मजूर भरती करून खाणींवर छावण्यांत ठेवले. आणि बायकांना जमिनीखाली काम करायला १९३७ पासून असलेली बंदी १९४३ मध्ये उठवली.

त्यावर गदारोळ झाला. स्त्रियांच्या संघटनांनी विरोध केला, आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर चर्चा झाली. रेणुका रे यांनी बंदी उठवण्याविरुद्ध बोलताना सरकारला धारेवर धरलं. बाबासाहेबांनी बचाव केला तो आणीबाणीच्या आधारावर: हे कायमचं नाही, निरुपाय म्हणून केलं आहे, आणि खाली उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी द्यायची अट घातली आहे. समान कामाला समान दाम हे तत्त्व या उद्योगात पहिल्यांदा आणल्याचं त्यांनी ठासून सांगितलं. डिसेंबर १९४३ मध्ये, म्हणजे लंडनमध्ये पहिली चिठ्ठी निघाली त्याच महिन्यात, ते स्वतः धनबादच्या खाणीत उतरले होते आणि मजुरांच्या खोल्याही त्यांनी पाहिल्या. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण मजूर कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. फेब्रुवारी १९४६ मध्ये बायकांवरची बंदी पुन्हा लागू झाली.

बाबासाहेबांच्या या निर्णयाचं समर्थन करायचं की टीका, यावर आजही दोन मतं असू शकतात. मला स्वतःला निर्णय पटत नाही, पण बंदी उठवतानाच मजुरीची अट आणि पाठोपाठ कल्याण निधी आणणारा दुसरा मंत्री त्या मंडळात दिसत नाही, हेही खरं. त्या अडीच-तीन वर्षांत ज्या बायका खाली गेल्या त्यांत संथाळ, बाउरी अशा समाजांतल्या खूप होत्या. त्यांच्यासाठी कोणत्याही राजधानीत कधी समारंभ झाला नाही, आणि अर्ज करायला त्यांच्यामागे संघटनाही उभी राहिली नाही.

आमच्या घरात कुणीतरी बेविन बॉय होतं असं ऐकलंय. हे शक्य आहे का?

शक्य आहे, पण तो वेगळा प्रकार. १९४१ पासून बेविन यांच्याच नावाची आणखी एक योजना होती, बेविन ट्रेनिंग स्कीम. तिच्यात भारतातल्या तरुण कारागिरांना यंत्रकामाच्या प्रशिक्षणासाठी ब्रिटनला पाठवत. ते लेचवर्थसारख्या केंद्रात शिकत, मग कारखान्यांत काम करत आणि भारतात परत येऊन युद्धसाहित्याच्या कारखान्यांत लागत. त्यांनाही बेविन बॉईज म्हणत. त्यांचा कोळशाशी संबंध नाही. तेव्हा आजोबांच्या कागदांत हे शब्द सापडले तर आधी साल बघा आणि लेथ, मिलिंग, टर्नर असे शब्द आहेत का ते पाहा.

ब्रिटनमध्ये गेल्यावर काय बघता येईल?

ॲलरवासचं स्मृतिवन हे एक, पण ते फार पसरलेलं आहे, दिवस काढून जा. खाण अनुभवायची असेल तर यॉर्कशायरमध्ये वेकफील्डजवळ कॅपहाउस इथलं राष्ट्रीय कोळसा खाण संग्रहालय किंवा साउथ वेल्समधल्या ब्लेनॅव्हनचं बिग पिट. दोन्ही ठिकाणी पिंजऱ्यातून खरोखर खाली नेतात आणि वाटाडे बहुधा माजी खाणकामगार असतात. त्यांना प्रश्न विचारा, ते मनापासून बोलतात. जाताना बॅटरीवर चालणाऱ्या सगळ्या वस्तू, म्हणजे मोबाइल आणि घड्याळसुद्धा, वर ठेवून जावं लागतं. खाणीत ठिणगीची भीती असते, त्यामुळे फोटो मिळणार नाहीत हे आधीच धरून चाला. लहान मुलांना खाली नेण्याआधी वयाची अट तपासून घ्या.